जडसनबाईंचा बाप्तिस्मा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असे सेक्रेटरीबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत, आणि हातात लेखणी येते ती वाण्याची यादी करण्यापुरती. फार तर एखादी पाककृती देईन म्हटले, तर पाककृती पुष्कळ आल्या आहेत, एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्या असे त्यांचे म्हणणे पडले. त्याच सुमारास आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला होता व तो डोक्यात घोळत होता. त्या निमित्ताने ॲन जडसन या बाईंचे चरित्र मी वाचले. मराठीत मिळाले तेवढे स्वतः वाचले, इंग्रजीतले माझ्या थोरल्या मुलाने संध्याकाळी वाचून अर्थ सांगितला. मी भाकऱ्या करीत असे व तो पाटावर बसून वाचीत असे.

घरातला प्रश्न असा. माझ्या नणंदेची मुलगी, म्हणजे आमची भाची, आता नोकरीला लागली आहे. ती दुसऱ्या एका मंडळीत जाऊ लागली व मला पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावयाचा आहे असे तिने घरी सांगितले. तिचा बाप्तिस्मा ती तीन महिन्यांची असताना आमच्याच देवळात झालेला. त्या दिवशीचा पांढरा झगा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने शिवला होता, काठाला क्रोशाची लेस लावून. तो झगा अजून ट्रंकेत आहे. आता त्यांच्या मनाला लागले ते हे की, मग त्या दिवशी आम्ही सर्वांनी केले ते काय खोटे होते?

आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत, म्हणून आधी थोडे समजावून सांगते. ख्रिस्ती मंडळीत माणसाचा प्रवेश बाप्तिस्म्याने होतो. आमच्यासारख्या मंडळ्यांत तान्ह्या मुलाला देवळात नेतात, पाळकसाहेब त्याच्या कपाळावर पाणी शिंपडतात किंवा ओंजळीने ओततात व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या नावाने बाप्तिस्मा देतात. मुलाला ख्रिस्ती वळण लावू असे वचन आईबाप देतात. पुढे मूल जाणते झाले म्हणजे ते मंडळीपुढे उभे राहून आपला विश्वास स्वतः कबूल करते. दुसऱ्या प्रकारच्या मंडळ्यांत, ज्यांना बॅप्टिस्ट म्हणतात त्यांच्यात व आणखी कित्येकांत, लहान मुलासाठी फक्त प्रार्थना करतात. माणूस जाणता होऊन स्वतः विश्वास कबूल करील तेव्हाच त्याला नदीत, तळ्यात किंवा देवळातल्या हौदात पूर्ण बुडवून वर काढतात. म्हणजे भांडण एक नाही, दोन आहेत. पाणी किती, हे एक. आणि कोणाला द्यावयाचे, हे दुसरे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक तर तान्ह्या मुलालाच तीन वेळा पाण्यात बुडवितात.

आता जडसनबाईंकडे वळू. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात ब्रॅडफर्ड गावी झाला. माहेरचे आडनाव हॅसल्टाइन, घरातले लाडके नाव नॅन्सी. घर खाऊनपिऊन सुखी. मौजमजेची इतकी आवड की वडिलांनी घरातच नाचासाठी एक दालन बांधले होते. मुलगी हुशार व हौशी. सोळाव्या वर्षी तिचे मन धर्माकडे वळले, ती मंडळीची सभासद झाली व पुढे आसपासच्या गावांतून शाळा शिकवू लागली. गावाला लागून मेरिमॅक नावाची नदी आहे. तिच्या पलीकडच्या काठावर हेव्हरिल गाव, तेथील हॅरिएट ही तिची मैत्रीण, चार वर्षांनी धाकटी. दोघी ब्रॅडफर्डच्या एकाच शाळेत शिकलेल्या.

त्यांची मंडळी काँग्रिगेशनल, म्हणजे पाणी शिंपडून व लहान मुलांनाही बाप्तिस्मा देणारी. १८१० साली या मंडळ्यांनी परदेशी मिशनरी पाठविण्यासाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केले. त्यात पुढे आलेला एक तरुण अडोनिराम जडसन. तो स्वतः पाळकाचा मुलगा. त्याने ॲनला मागणी घातली. मुलगी पुन्हा दृष्टीस पडणार नाही, समुद्र, ताप, परका राजा, काय होईल ते सांगता येत नाही, हे सर्व त्याने तिच्या वडिलांना पत्रात आधीच स्पष्ट लिहिले होते. बापाने निर्णय मुलीवर सोपविला. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी लग्न झाले, दुसऱ्या दिवशी सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली, आणि १९ फेब्रुवारीला कॅरव्हान नावाच्या जहाजातून जडसन पतिपत्नी निघाली. त्याच जहाजात हॅरिएट होती. तिचेही नुकतेच लग्न झाले होते, दीक्षा घेतलेल्यांपैकी सॅम्युएल न्यूएल यांच्याशी. उरलेले तिघे, म्हणजे गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व ल्यूथर राइस, फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजाने निघाले. या नावांपैकी दोन आपल्याला पुढे पुन्हा भेटावयाची आहेत.

कलकत्त्यास पोहोचण्यास चार महिने लागले. एवढ्या वेळात जडसनसाहेब मूळ ग्रीक नव्या कराराचे भाषांतर करीत बसत. कलकत्त्याजवळ सेरामपूर येथे विल्यम केरी व त्यांचे सोबती राहात होते. ते बॅप्टिस्ट. त्यांच्याच घरी उतरावयाचे, तेव्हा लहान मुलांना बाप्तिस्मा का देता असे कोणी विचारले तर उत्तर तयार असावे म्हणून त्यांनी या विषयाचा अभ्यास सुरू केला. आणि उत्तर सापडेना. ग्रीक भाषेतल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ बुडविणे, बुचकळणे असा आहे. रंगारी कापड रंगात बुचकळतो त्याच धातूपासून निघालेला. दुसरी अडचण अशी. अब्राहामाच्या घरात सुंतेची खूण मुलांना व दासांनाही दिली होती, आणि बाप्तिस्मा त्या सुंतेच्या जागी आला असे त्यांच्या मंडळीचे शिक्षण. मग परदेशात एखादा घरधनी ख्रिस्ती झाला तर त्याच्या मुलांना व नोकरचाकरांना, त्यांचा विश्वास असो वा नसो, बाप्तिस्मा द्यावयाचा काय?

हे शोध ते बायकोला सांगत. बाईंना ते मुळीच रुचले नाही. आपले पहिले मत बरोबर आहे असे त्या नेटाने मांडीत. तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही, असे त्यांनी नवऱ्याला एकदा नव्हे, पुष्कळ वेळा सांगितले. लग्नाला चार महिने झालेली, बावीस वर्षांची मुलगी, भर समुद्रात. मला हे फार आवडले. आपल्याकडे नवऱ्याचा धर्म तो बायकोचा असे गृहीतच धरतात, आणि ख्रिस्ती घरांतही काही निराळे नसते, हे कबूल केले पाहिजे.

जूनमध्ये जहाज कलकत्त्यास लागले. केरीसाहेबांनी सर्वांचे आगतस्वागत केले. पाहुण्यांपुढे बाप्तिस्म्याचा विषय आपण होऊन काढावयाचा नाही, असा सेरामपूरकरांचा नेम होता व तो त्यांनी पाळला. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मिशनऱ्यांना ताबडतोब निघून जाण्याचा हुकूम दिला. मॉरिशसला जाणाऱ्या एका जहाजात दोघांपुरतीच जागा होती. हॅरिएटचे दिवस भरत आले होते, म्हणून ४ ऑगस्टला तिला व न्यूएलसाहेबांना पुढे पाठविले. दोघी मैत्रिणी पुन्हा भेटल्या नाहीत.

मागे राहिल्यावर जडसन पतिपत्नी कलकत्त्यात एका गृहस्थाच्या घरी राहिली. तेथे या विषयावरची दोन्ही बाजूंची पुस्तके हाताशी होती. आता बाईंनी स्वतः वाचावयास घेतले. त्यांनी आरंभ केला तो आपलीच जुनी रीत खरी ठरावी या इच्छेने. हे त्यांनीच मागाहून माहेरी कळविले आहे. मला यात त्यांचा मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

काय काय वाचले असेल ते आपणही शास्त्र उघडून पाहू शकतो. बुडविणाऱ्यांची बाजू अशी. फिलिप्प व हबशी षंढ दोघेही पाण्यात उतरले आणि पाण्यातून वर आले. योहान जेथे बाप्तिस्मा देत असे तेथे पाणी पुष्कळ होते म्हणून ती जागा निवडली. पौलाने रोमकरांस लिहिताना बाप्तिस्म्याला पुरले जाणे व पुन्हा उठणे याची उपमा दिली, आणि पुरणे म्हटले की वरून चार चिमटी माती टाकून भागत नाही. शिंपडणाऱ्यांची बाजूही काही पोकळ नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत सुमारे तीन हजार माणसे मिळाली, तेथे नदी नाही. फिलिप्पै येथील तुरुंगाच्या नाईकाचा व त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा मध्यरात्री झाला, तेव्हा ते कोठल्या तळ्यावर गेले असतील? यहेज्केलाच्या ग्रंथात देव शुद्ध पाणी शिंपडून शुद्ध करीन म्हणतो. पेत्राने वचन तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना आहे असे सांगितले. पुढे १८८३ साली फार प्राचीन काळचे एक ग्रीक पुस्तक छापले गेले, प्रेषितांची शिकवण या अर्थाच्या नावाचे. त्यात वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओतावे असे आहे. जडसनबाईंच्या वेळी ते कोणालाच ठाऊक नव्हते. असते तर त्यांनी काय ठरविले असते, हा माझ्या मुलाचा प्रश्न. मी म्हटले, पाणी किती यावर कदाचित थांबल्या असत्या, पण कोणाला या प्रश्नावर थांबल्या नसत्या. स्वतः विश्वास धरल्यावाचून खूण घेता येत नाही, हीच गोष्ट त्यांच्या मनाने पक्की धरली होती.

निर्णय झाला तेव्हा आनंदापेक्षा दुःखच अधिक होते. ज्या बोर्डाने पाठविले त्याचा आधार सुटणार. अमेरिकेतील बॅप्टिस्टांचे त्या वेळी परदेशी मिशन नव्हतेच, म्हणजे पगार कोण देणार ते माहीत नाही. आपल्याला चंचल म्हणतील, नावे ठेवतील. आणि सर्वांत मोठे म्हणजे, ज्यांच्याबरोबर मरेपर्यंत काम करावयाचे म्हणून घर सोडले त्या सोबत्यांपासून वेगळे व्हावे लागणार. एका मिशनमध्ये दोन रीती चालणार नाहीत. हॅरिएटबरोबर राहावयाचे बेत मिटले. माहेरी लिहिलेल्या पत्रांत हे सर्व आहे. नवऱ्याने ओढले म्हणून गेले असे मात्र कोठेही नाही. २७ ऑगस्टला जडसनसाहेबांनी सेरामपूरकरांना बाप्तिस्मा मागण्याचे पत्र लिहिले, त्यातही पत्नीने वेगळा विचार करून तोच निर्णय घेतला आहे असे मुद्दाम नमूद केले.

६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यातील लालबाजारच्या देवळात विल्यम वॉर्ड यांनी दोघांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. बॅप्टिस्ट लोक याला दुसरा बाप्तिस्मा म्हणत नाहीत. त्यांच्या मते पहिला झालेलाच नसतो. आमच्या भाचीनेही नेमके हेच सांगितले आणि सासूबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या जहाजातील तिघे ऑगस्टमध्ये कलकत्त्यास आले होते. त्यांपैकी ल्यूथर राइस आरंभी जडसनांशी वाद घालीत असत. पण १ नोव्हेंबरला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हॉल व नॉट हलले नाहीत. ते मुंबईस गेले व फेब्रुवारी १८१३ मध्ये तेथे उतरले. भगिनींनो, आपल्या भागातील अमेरिकन मराठी मिशन ते हेच. न्यूएलसाहेबही पुढे तेथेच आले. १८३१ साली हे मिशन अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) पोहोचले, आणि कपाळावर पाणी शिंपडण्याची आमच्या आजी-पणजीपासूनची रीत त्याच मार्गाने आमच्या घरात आली. कलकत्त्यात त्या पावसाळ्यात एका घरच्या माणसांच्या दोन वाटा झाल्या नसत्या तर सासूबाईंच्या ट्रंकेतला झगा शिवला गेला असता की नाही कोणास ठाऊक.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगते, जरी बाईंची खरी कीर्ती पुढच्यातच आहे. जानेवारी १८१३ मध्ये जडसन पतिपत्नी मॉरिशसला पोहोचली तो बातमी कळली की हॅरिएट गेली. मूल वाटेत जहाजावरच जन्मले व दगावले, आणि ३० नोव्हेंबरला तीही वारली. वय एकोणीस. तेथून मद्रास, आणि १३ जुलै १८१३ रोजी ब्रह्मदेशातील रंगून. या प्रवासात जडसनबाईंचे पहिले मूल मेलेलेच जन्मले, जवळ दुसरी बाई नसताना. दुसरा मुलगा आठ महिन्यांचा होऊन १८१६ मध्ये गेला. राइससाहेब अमेरिकेस परत गेले व त्यांच्या खटपटीने १८१४ साली तेथील बॅप्टिस्टांनी आपले मिशन उभे केले. जडसनांचा पगाराचा प्रश्न तेव्हा मिटला. अडोनिरामचे वृद्ध वडील, तेही मुलापाठोपाठ १८१७ मध्ये बॅप्टिस्ट झाले व त्यांनी आपली पाळकी सोडली.

बाजारहाट व मोलकरणी यांमुळे बाई बोलण्याची ब्रह्मी भाषा नवऱ्याच्या आधी शिकल्या. हे वाचून आम्ही दोघे मायलेक हसलो. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या बाईला व्याकरण लागत नाही. त्या रविवारी पंधरा-वीस बायका जमवून त्यांना शास्त्र सांगत. रंगूनमध्ये सयामी लोक होते, त्यांच्यासाठी ती भाषाही शिकल्या व मत्तयाचे शुभवर्तमान सयामीत आणले.

सहा वर्षे एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. २७ जून १८१९ रोजी माऊंग नाऊ या पहिल्या ब्रह्मी माणसाचा बाप्तिस्मा जवळच्या मोठ्या तळ्यात झाला. त्या तळ्याच्या काठी गौतम बुद्धाची प्रचंड मूर्ती होती. पुढच्या दोघांनी नोव्हेंबरात संध्याकाळी, अंधार पडता पडता, लोकांच्या नजरेआड बाप्तिस्मा मागितला, कारण राजाचे भय. येथे मला एक गोष्ट नव्याने कळली. कपाळावर पाणी घरात दार लावूनही शिंपडता येते. तळ्यात उतरावयाचे तर उघड्यावर जावे लागते, ओल्या कपड्यांनी गावातून परत यावे लागते. ज्या देशात धर्म बदलल्यास जिवावर बेतण्याची भीती तेथे बुडून बाप्तिस्मा घेणे हे किती धैर्याचे! जुलै १८२० मध्ये मा मेन-ला या बाईने तो घेतला. ब्रह्मी बायकांत ती पहिली. जडसनबाईंच्या रविवारच्या बैठकीचे हे फळ.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी यांचे युद्ध पेटले. जडसन तेव्हा राजधानी आवा येथे होते. गोरा म्हणजे हेर, असे समजून ८ जूनला शिपायांनी त्यांना दोरीने आवळून तुरुंगात टाकले. पायांत बेड्या, रात्री पाय बांबूला अडकवून वर उचलीत. तुरुंगात अन्न मिळत नसे. ते घरून नेले तरच जेवण. बाई गरोदर, तरी रोज अधिकाऱ्यांच्या दारी जात. नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखिते घरात होती. ती त्यांनी एका उशीत शिवली, आणि ती ओबडधोबड उशी नवऱ्याकडे तुरुंगात दिली, कोणाला हवीशी वाटू नये अशी. कैद्यांना दुसरीकडे हलविले त्या गडबडीत ती फेकली गेली व माऊंग इंग नावाच्या शिष्याने ती सहज आठवण म्हणून घरी नेली. आत काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते. जानेवारी १८२५ मध्ये मुलगी झाली, मारिया. बाई तापाने इतक्या खंगल्या की अंगावर दूध राहिले नाही, तेव्हा बेड्या घातलेला बाप पहारेकऱ्यांना पैसे देऊन बाहेर पडे व गावातील लेकुरवाळ्यांच्या दारोदार तान्ह्या मुलीला दूध मागत फिरे.

फेब्रुवारी १८२६ मध्ये तह झाला व सर्व सुटले. पण शरीर संपले होते. २४ ऑक्टोबर १८२६ रोजी ॲमहर्स्ट येथे त्या वारल्या. नवरा कामासाठी दूर गेलेला, जवळ नव्हता. वय छत्तीस. पुढच्या एप्रिलमध्ये मारियाही गेली, तिला आईशेजारीच पुरले.

उशीतल्या कागदांचे काम जडसनसाहेबांनी पुरे केले व १८३४ साली संपूर्ण ब्रह्मी पवित्र शास्त्राचे भाषांतर झाले. त्यात त्यांनी बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडविणे अशा अर्थाचा शब्द घातला. १८३६ मध्ये यावरूनच अमेरिकेत पुन्हा भांडण झाले. तेथील बायबल सोसायटीने असल्या भाषांतरांना पैसे देण्याचे नाकारले व बॅप्टिस्टांनी वेगळी सोसायटी काढली. आपल्या मराठी शास्त्रात ग्रीक शब्दच ठेवला आहे, बाप्तिस्मा. त्यामुळे ज्याने त्याने आपापला अर्थ घ्यावा. हे शहाणपण की पळवाट, मला ठरविता आलेले नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचे वारस आणि केरीसाहेबांच्या परंपरेतील बॅप्टिस्ट त्यात एकत्र आले. लहान मुलांचा व जाणत्यांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे तेथे मान्य केले आहेत. मात्र एका माणसाचा बाप्तिस्मा एकदाच. आमच्या भाचीची अडचण नेमकी तेथेच आहे.

मी तिला जडसनबाईंची हकिकत सांगितली. बोर्डाला, सोबत्यांना व माहेरी त्यांनी पत्रे लिहून सर्व कळविले, लपविले नाही, तेवढे तूही कर म्हटले. तिने आजीला चार पाने पत्र लिहिले, एकाच गावात राहून. सासूबाईंनी ते वाचून झग्याच्या घडीत ठेवले. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात नदीवर आहे. मी जाणार आहे, सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत.